भाऊंचं दहावं

कावळा येत नव्हता.

सुरूच्या झाडांखाली केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. पाणी शिंपडून झालं, मंत्र म्हणून झाले. कावळे दिसत होते, पण लांब, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात. इकडे एकही वळत नव्हता.

"मागे सरा जरा," गोपाळभटजी म्हणाले. "एवढी माणसं बघून तो उतरायचा कसा?"

माणसं सरली नाहीत, कारण सरायला जागाच नव्हती. आंबोळ खाडीच्या दोन्ही तीरांवरची गावं भार्गव मिठबावकरांच्या दहाव्याला लोटली होती. भाऊ आमचे आमदार. पस्तिशीही उलटली नव्हती, आणि हा माणूस एक दिवस राज्य चालवणार असं त्यांच्या विरोधातले लोकसुद्धा खाजगीत म्हणत. मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात त्यांची होडी खाडीच्या मुखाशी उलटली. होडी वल्हवणाऱ्याचं प्रेत खडकांत सापडलं, भाऊंचं सापडलं नाही. मुखाबाहेरची ओढ एकदा आत घेतलेलं परत देत नाही, असं सगळे मच्छीमार म्हणाले. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून भाऊंच्या चुलतभावाने, बाबलने, त्याला अग्नी दिला. त्या पुतळ्याचं आज दहावं होतं.

इंदूवहिनी, भाऊंच्या पत्नी, बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. सकाळीच त्यांच्या बांगड्या फोडल्या होत्या. हिरव्या काचेचे तुकडे अजून वाळूत चमकत होते आणि कुणीतरी पायाला लागतील म्हणून त्यांवर वाळू लोटत होतं.

"काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "घरच्यांनी बोला."

बाबल पुढे झाला. "भाऊ, वहिनींची काळजी करू नको. मी आहे."

कावळा आला नाही.

"घराची कौलं परतून घेईन. आंब्याची कलमं विकणार नाही."

"बाबल, तू गप रव," मागून ताराकाकी ओरडली. "कलमांत नाय तेचो जीव अडाकलोहा. पायपात अडाकलोहा!"

ताराकाकी म्हणजे खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून विकणाऱ्या बायकांची पुढारीण. तिचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, रासायनिक कारखान्यांची नवी वसाहत झाली होती. तिचं सांडपाणी नळाने आमच्या खाडीत सोडायचं सरकारने ठरवलं होतं. भाऊ सरकारच्याच पक्षाचे, तरी त्याविरुद्ध उभे राहिले होते. नळ काठापर्यंत येऊन थांबला होता. शेवटचा तुकडा तेवढा पाण्याखाली टाकून जोडायचा होता, आणि त्यासाठी अमावास्येच्या सुमाराची खोल ओहोटी लागते. ही अमावास्या हुकली असती तर पाऊस सुरू झाला असता आणि काम पुढच्या वर्षावर गेलं असतं. पुढच्या वर्षी निवडणुका होत्या. निवडणुकीच्या वर्षात असलं काम काढायला कुणी धजावलं नसतं. म्हणून बायका त्या नळाच्या खड्ड्यात उतरून बसल्या होत्या. भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हाही उठल्या नव्हत्या. आता अमावास्या उद्यावर आली होती.

"मंत्री हयसरच उभे आसत," ताराकाकी म्हणाली. "तेंकाच इचारा."

पालकमंत्री आबासाहेब खरोखरच तिथे होते, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ते घसा खाकरतील, समिती नेमू म्हणतील. तसं काही झालं नाही. ते सरळ पुढे आले, चपला काढल्या, भटजींच्या हातून दर्भ घेतला आणि ओंजळीत पाणी घेऊन मोठ्याने म्हणाले, "भार्गवा, तू मला धाकट्या भावासारखा. ह्या सगळ्यांच्या देखत शब्द देतो. वसाहतीचा नळ ह्या खाडीत येणार नाही."

पाणी सोडलं. आम्ही वर बघत राहिलो.

एक कावळा सुरूच्या फांदीवर येऊन बसला. मग दुसरा. पहिला खाली उतरला, तिरक्या उड्या मारत पानापर्यंत गेला आणि त्याने पिंडात चोच घातली.

लोक रडले. ताराकाकी दोन्ही हात तोंडावर घेऊन रडली. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते. माझ्या डोळ्यांना एवढंच दिसलं, की भरती लागली आहे, चिखल बुडायला लागला आहे आणि कावळ्यांना झाडांवर परतण्यावाचून गत्यंतर नाही. पण मी हे कुणाला बोलले नाही. त्या दिवशी माझाही कावळ्यावर विश्वास ठेवायचा विचार होता.

तिथून बायका थेट खड्ड्याकडे गेल्या आणि त्यांनी आपली ताडपत्री, चुलीचे दगड, पाण्याची कळशी, सगळं उचललं. कुणी त्यांना उठायला सांगितलं नाही. पिंडासमोर पाणी सोडून दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. मोडता येतो, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मला ह्या प्रकरणात ओढलं ते भाऊंनीच. माझ्या वडिलांना पटवून कॉलेजला घातलं तेही त्यांनीच. परत आले तेव्हा त्यांनी घरामागची खोली मोकळी करून दिली, काचेची नळकांडी आणि रसायनं आणून दिली आणि म्हणाले, "हेमा, नळ यायच्या आधीचं पाणी कसं होतं ते लिहून ठेव. नाहीतर उद्या म्हणतील, खाडी पहिल्यापासून अशीच होती." प्रयोगात आधीचं मोजमाप लागतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना ते आपसूक सुचलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

चष्म्याचं काम तर माझ्याकडेच असे. भाऊंना जाड भिंगं लागत, त्यांच्याशिवाय समोरचा माणूसही धूसर. त्यांचा जास्तीचा चष्मा एकदा जीपमध्ये त्यांच्याच खाली सापडून दांडीशी मोडला. मी दोन नळ्या कालवून करायच्या डिंकाने तो जोडला. प्रमाण चुकलं, डिंक पिवळा पडला आणि त्यात हवेचा एक बुडबुडा कायमचा अडकला.

"ही तुझी पदवी?" भाऊ हसून म्हणाले.

"धरून बसलाय ना घट्ट?"

"बसलाय. पण लोक विचारतात, कानाशी डास मेलाय का."

वहिनी इतक्या हसल्या की हातातला चहा सांडला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आबासाहेबांचे सचिव कुलथे घरी आले. उद्या साहेब येणार, बंदोबस्त, गाड्या, असं सगळं बोलून झाल्यावर ते वहिनींना म्हणाले, "साहेबांच्या मनात भाऊंचं स्मारक करायचं आहे. वापरातली एखादी वस्तू मिळाली तर."

"पेन नेता?" वहिनींनी विचारलं.

"चष्मा असेल तर बघा. चष्म्याशिवाय भाऊ डोळ्यांसमोरच येत नाहीत."

नेहमीचा चष्मा समुद्रात गेला होता. वहिनींनी बुडबुड्याचा चष्मा आणून दिला. देण्यापूर्वी पदराने पुसला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, सकाळी कर्णा लावलेली जीप गावात शिरली. भाऊ जिवंत आहेत! परराज्यातल्या एका ट्रॉलरने त्यांना समुद्रातून उचललं, तिकडच्याच बंदरातल्या इस्पितळात ठेवलं. डोक्याला मार होता, आपण कोण ते आठवत नव्हतं. आज पहाटे आठवलं! दुपारी ते देवबंदरला उतरणार!

त्या सकाळी गावात जे झालं ते सांगणं अवघड आहे. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. बाबल केस काढलेलं डोकं चोळत अंगणात बसून हसत होता. ताराकाकी नाचली, खरोखर नाचली, लुगड्याचा काष्टा आवळून. आणि ट्रक आले. किती आले! गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा चढवून घेत होते. कुलथे स्वतः उभे राहून म्हणत होते, "तिसरेवाल्या मावश्या सगळ्या पुढच्या ट्रकमध्ये. भाऊंनी खास निरोप दिलाय. त्यांच्याशिवाय मिरवणूक निघणार नाही."

वहिनी आल्या नाहीत. भटजींनी येऊ दिलं नाही. ज्याचे दिवस झाले तो परत आला तर तो नव्याने जन्मलेला धरतात. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर त्याने घरात यायचं नाही आणि दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही.

"जा तू," वहिनी मला म्हणाल्या. मोकळे हात त्यांनी पदरात गुंडाळले होते. "नीट बघून ये. तुला सगळं बारीक दिसतं. कसे दिसतात, खातात का, सगळं मला सांग."

देवबंदरला भाऊ लाँचमधून उतरले तेव्हा गर्दीने केलेला आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. कपाळावर पट्टी, दाढी वाढलेली, गळ्यात हार. मी ढकलत ढकलत पुढे गेले. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं आणि हात उंच केला.

दूरचं त्यांना दिसत होतं. त्यांनी चष्मा लावला होता.

मिरवणूक संध्याकाळपर्यंत चालली. चौकाचौकात थांबत, आरत्या घेत, भाषणं करत. मी उघड्या जीपच्या बाजूने चालत होते, कधी जवळ, कधी लांब. एका चौकात जीप थांबली तेव्हा भाऊंचा कान माझ्यापासून हातभर होता. डिंक पिवळा होता. बुडबुडा जिथल्या तिथे होता.

मला वाटलं, सांगण्यात काही चूक असेल. इस्पितळातून निघताना कुलथ्यांनी दिला असेल. पण कुलथे सकाळपासून आमच्या गावात होते. आणि पहाटेपर्यंत ज्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, त्याचा चष्मा मागायला ते परवाच येऊन गेले होते. मी चालता चालता हे पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. दर वेळी तेच उत्तर येत होतं.

ट्रक परतले तेव्हा उजेड होता. ताराकाकी उडी मारून उतरली आणि तशीच थांबली. नळाचा खड्डा बुजवलेला होता. वर ओली वाळू सपाट केली होती, तिच्यावर यंत्रांच्या चाकांचे माग होते. भरतीचं पाणी त्यावर चढत होतं. शेवटचा तुकडा कुठे गेला हे विचारायची गरज नव्हती.

"शब्द दिल्लो हुतो," ताराकाकी म्हणाली. मग तिने मला दंडाला धरलं. "गो, पाणी सोडलान ना? कावळो शिवलो ना? तू बघलंस ना?"

"बघितला, काकी."

"मग?"

जवळच उभे असलेले कुलथे नम्रपणे म्हणाले, "मावशी, शब्द कैलासवासी भाऊंना दिला होता. भाऊ तर देवाच्या कृपेने आहेत."

मी वहिनींकडे गेले. त्या ओटीवर वाट बघत होत्या.

"कसे आहेत?"

"बरे आहेत. पट्टी आहे कपाळाला. वाळलेत."

"मग त्यांना दिसतंय कसं? ठेचकाळत असतील."

मी चपला काढून ओटीवर बसले.

"चष्मा केला वाटतं नवा?"

"नवा नाही."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. आत भिंतीवर भाऊंच्या फोटोचा हार अजून तसाच होता.

"बुडबुड्याचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या उठून आत गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत आल्या. "हेमा, त्यांना एकच विचारून ये. चष्मा त्यांच्या हातात कधी आला. माझ्या बांगड्या फुटायच्या आधी की नंतर."

भाऊंना शाळेत उतरवलं होतं. मी गेले तेव्हा ते सातवीच्या वर्गात बाकावर बसून पेज पीत होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. तो खोटा नव्हता, म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो.

"ये, ये. तुझी नळकांडी फुटली नाहीत ना? इंदू कशी आहे?"

"त्यांनीच पाठवलंय. चष्मा कधी मिळाला, विचारलंय. बांगड्या फोडायच्या आधी की नंतर."

त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसू लागले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार तरुण दिसायचा.

"तुला राजकारण कळत नाही, हेमा."

"नाही कळत. मी फक्त वेळ विचारतेय."

"मी शुद्धीवर आलो आणि तिकडच्या डॉक्टरला आबासाहेबांचा फोन लावायला सांगितला. घरी फोन नाही, काय करणार? ते स्वतः आले. उशाशी बसले. म्हणाले, भार्गव, तू मेलास तर तुझ्या नावाने एक नळ अडेल. जगलास तर मंत्री होशील आणि असले शंभर नळ कुठे जातील ते तू ठरवशील. फक्त अमावास्या जाऊ दे. मला म्हणाले, विचार कर."

"आणि तुम्ही?"

"एका खाडीने काय होतं, सांग मला. तू सायन्सवाली आहेस. मी मंत्री झालो तर..."

"तुम्ही आबासाहेबांना काय म्हणालात?"

बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. भिंगं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मी चष्मा मागितला," ते म्हणाले.

मग चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बांगड्यांचं माझ्या लक्षात आलं नाही. खरंच नाही आलं. उद्या लग्न लागतंयच ना पुन्हा. नव्या भरू."

मी वहिनींना शब्द न् शब्द सांगितला. ऐकून त्या उठल्या. म्हणाल्या, "घरी जा, जेव. उद्या लवकर ये, मला सोबत हवी."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मांडवात पुन्हा तीच गर्दी होती, पण आवाज वेगळा होता. तिसरेवाल्या बायका एका बाजूला घोळक्याने उभ्या होत्या, न बोलता. आबासाहेब खुर्चीत. फोटोवाले पुढे. भाऊंचं तूप लावून न्हाणं झालं, बारसं झालं. तेच नाव पुन्हा ठेवलं तेव्हा थोडं हसू पिकलं, आबासाहेबांनी पेढा भरवला. मग पाटावर भाऊ मुंडावळ्या बांधून उभे राहिले, बाबलने आणि आणखी एकाने मध्ये अंतरपाट धरला.

"मुलीला आणा," भटजींनी हाक दिली.

वहिनी माझ्याबरोबर आल्या. दहाव्याला नेसलेलं तेच फिकट पातळ, मोकळं कपाळ, मोकळे हात. लोक कुजबुजले. त्या अंतरपाटाच्या अलीकडे उभ्या राहिल्या. पलीकडचे भाऊ आम्हांला दिसत नव्हते, खाली फक्त त्यांची पावलं दिसत होती.

"भटजी, एक विचारू?" वहिनींचा आवाज स्वच्छ होता. "हे लग्न लागेपर्यंत मी ह्यांची कोण?"

भटजी गोंधळले. "शास्त्राप्रमाणे म्हणशील तर... कुणी नाही. म्हणून तर हा विधी."

"म्हणजे हे पहिलंच लग्न धरायचं."

"तसंच."

"मग मुलीला विचारायची पद्धत आहे ना?"

भाऊ अंतरपाटापलीकडून हलक्या आवाजात म्हणाले, "इंदू, लोक बघताहेत. घरी बोलू."

वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या भटजींना म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचे दिवस सगळ्या गावासमोर झालेत. कावळा शिवलाय. हे कोण ते मला माहीत नाही. मला स्थळ पसंत नाही."

अंतरपाट सोडायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून बाबलने आपल्या हातातलं टोक तसंच धरून ठेवलं. आबासाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. ताराकाकी खणखणीत आवाजात म्हणाली, "चेडू नको म्हणता! पावण्यांका च्या पाजा आणि वाटेक लावा!"

कुणीही हसलं नाही. वहिनी वळल्या आणि आम्ही दोघी आल्या वाटेने परत निघालो. मागे अंतरपाट किती वेळ धरलेला होता, मला ठाऊक नाही. भाऊंचं तोंड त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

भाऊ मंत्री झाले. नंतर आणखी मोठं खातं मिळालं. आता खाडीवर पूल झाला आहे आणि अधूनमधून त्यांच्या गाड्यांचा ताफा त्यावरून जातो. मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते आणि दरवर्षी भाद्रपदात गावी येते, खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला. आधीचं मोजमाप माझ्याकडे आहे, त्यामुळे फरक काढता येतो. पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिसऱ्या संपल्या. ताराकाकी आता मुलाकडे मुंबईला असते.

पितृपंधरवड्यात वहिनी नवऱ्याचं पान वाढतात. गावात कुणाला ह्यात काही वावगं वाटत नाही. मागच्या खेपेला मी होते. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं वाढून त्यांनी पान सुरूखाली ठेवलं, आणि आम्ही मागे सरलो. पलीकडे चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता. पर्यावरणावर कुठलीशी परिषद होती आणि भाऊ बोलत होते. आवाज अजून तसाच आहे, ऐकत राहावासा.

कावळा लगेच आला.

वहिनी खाडीकडे बघत होत्या. ओहोटी होती. चिखल काळा पडला होता, त्यावर तेलासारखा तवंग, आणि वाकलेलं एकही माणूस नव्हतं.

"हे असते ना," त्या म्हणाल्या, "तर असं होऊ दिलं नसतं."